हमीदचा चिमटा आणि आपले ‘साहित्य’

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूबरोबर मराठीचे तासही आमच्याकडे असतात. एकदा पाचवीच्या वर्गात लिंबू सरबताची कृती शिकवत होतो. फळ्यावर नेहमीच्या रीतीने आधी ‘साहित्य’ असे लिहिले आणि त्याखाली लिंबू, साखर, मीठ, पाणी. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, साहित्य बोले तो अदब ना? आपनेच परसों बोला था. फिर लिंबू अदब कैसा?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. “दो माने हैं, लिख लो,” असे सांगून कृतीकडे वळलो. तास संपला, पण प्रश्न संपला नाही. मराठीने कथा-कवितेला आणि लिंबू-साखरेला एकच शब्द का दिला असेल? शालेय साहित्य, बांधकामाचे साहित्य, पूजेचे साहित्य, शिवणाचे साहित्य आणि मराठी साहित्य. जन्मापासून मराठी बोलणाऱ्याला यात नवल वाटत नाही. उर्दूकडून मराठीत आलेल्या त्या मुलाला वाटले. आम्हाला वाटते, त्या मुलाने नकळत समीक्षेचा एक मोठा प्रश्न विचारला होता. या लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

शब्दांचा हिशेब

‘साहित्य’ हा शब्द ‘सहित’ या शब्दापासून आला. सहित म्हणजे बरोबर असलेले. संस्कृत काव्यशास्त्राने त्याचा अर्थ शब्द आणि अर्थ यांचे बरोबर असणे असा लावला. स्वयंपाकघराने आणि कारखान्याने त्याचा अर्थ कामासाठी बरोबर आणून ठेवलेल्या वस्तू असा लावला. दोन्ही अर्थांत काहीतरी एकत्र येते आणि त्यातून तिसरे काही तयार होते. लिंबू आणि साखर एकत्र आल्याशिवाय सरबत नाही, तसेच शब्द आणि जगणे एकत्र आल्याशिवाय कविता नाही.

उर्दूतला ‘अदब’ अरबीतून आला. त्याचा पहिला अर्थ वागण्याची रीत, शिष्टाचार. म्हणून उर्दूत ‘बाअदब’ माणूस असतो आणि ‘अदबी’ मजलिसही असते. म्हणजे उर्दूने साहित्याकडे माणसाच्या वर्तनातून पाहिले, तर मराठीने वस्तूंच्या जुळणीतून. आम्ही मुस्लिम मराठी लेखक या दोन्हींचे वारस आहोत. आमच्याकडे अदबही आहे आणि साहित्यही.

उर्दूत लेखनाच्या ऐवजाला ‘मवाद’ म्हणतात. लेखात मवाद आहे म्हणजे त्यात मजकूर आहे, दम आहे. पण जखमेत साचलेल्या पुवालाही ‘मवाद’च म्हणतात. गेल्या काही दशकांत आपल्याकडे जे लिहिले गेले त्यातले बरेचसे या दुसऱ्या अर्थाने मवाद आहे. जखम होती, ती ठसठसत होती, आणि ती वाहिली. हे आवश्यक होते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जखम वाहून गेल्यावर पहिल्या अर्थाचा मवाद किती उरतो, हे कधीतरी तपासायला हवे.

‘ईदगाह’ नव्याने वाचताना

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही 1933 साली प्रसिद्ध झालेली कथा उर्दू, हिंदी अशा दोन्ही भाषांतल्या शाळांत पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. आम्ही स्वतः ती विद्यार्थी म्हणून वाचली आणि शिक्षक म्हणून शिकवली. बी.एड.च्या पाठ टिपणात आम्ही या कथेचे ‘मूल्य’ म्हणून त्याग असे लिहिले होते. दुसऱ्या स्तंभात ‘वडीलधाऱ्यांविषयी प्रेम’. मार्गदर्शकांनी त्यावर बरोबरची खूण केली. आज वाटते, त्या टिपणात कथेतले एकच पात्र सुटले होते, आणि ते म्हणजे लोखंड.

ही कथा पात्रांऐवजी वस्तू मोजत वाचून पाहा. हमीदची आजी अमीना हिने दुसऱ्याचे कपडे शिवून आठ आणे मिळवले होते. गवळणीची उधारी भागवून दोन आणे उरले. त्यातले तीन पैसे हमीदच्या खिशात गेले आणि पाच अमीनाच्या बटव्यात राहिले. म्हणजे हमीद जत्रेत जे तीन पैसे घेऊन जातो ते मुळात सुई-दोऱ्याचे पैसे आहेत. प्रेमचंद हे बारकाईने सांगतात, आणि आपण हिशेबाचा कंटाळा करून पुढे जातो.

पुढे जत्रा. महमूद शिपाई घेतो, मोहसिन भिश्ती घेतो, नूरे वकील घेतो. ही खेळणी मातीची आहेत. हमीदला लोखंडी सामानाच्या दुकानात चिमटा दिसतो, आणि आजीची तव्यावरून पोळी काढताना भाजणारी बोटे आठवतात. पैशांची घासाघीस होते आणि तीन पैशांत चिमटा मिळतो. मग मुलांचा जो वाद रंगतो, तो आपण विनोद म्हणून शिकवतो. खरे तर तो माती आणि लोखंड यांच्यातला वाद आहे. हमीद नीतीची एकही गोष्ट बोलत नाही. आपली वस्तू कशाची बनली आहे आणि पडल्यावर तिचे काय होईल, एवढ्यावर तो लढतो. घरी गेल्यावर मातीची खेळणी एकामागून एक मोडतात. कथेचा निकाल वस्तूच लावतात.

या कथेचे सगळे बळ तापलेल्या तव्यात आहे, असे आमचे म्हणणे आहे. तवा नसता तर बोटे भाजली नसती, बोटे भाजली नसती तर चिमटा आठवला नसता, आणि चिमटा नसता तर त्याग हे मूल्य हवेत लटकले असते. लेखकाने मूल्यापासून सुरुवात केली असती तर एक बोधकथा झाली असती. त्याने तव्यापासून सुरुवात केली म्हणून कथा झाली.

याच वाचनाने कथेतली एक उणीवही दिसते. प्रेमचंद मातीला जरा अन्यायाने हरवतात. दोन पैशांचा वकील कोणीतरी चिखल मळून, साच्यात घालून, वाळवून, रंगवून केलेला असतो. मातीचे खेळणे मोडते तेव्हा पुढच्या जत्रेत कुंभाराच्या घरची चूल पेटते. मोडणे हा मातीचा धर्म आहे, तो तिचा पराभव नव्हे. कथेत शिवणाऱ्या अमीनाला नाव आणि चेहरा मिळाला. खेळणी घडवणारा हात मात्र कुठे दिसत नाही. मोठ्या लेखकाच्या मोठ्या कथेतही जी वस्तू जिंकते तिच्याकडे लक्ष जाते आणि जी हरते तिचा कर्ता अंधारात राहतो. हे आम्ही दोष काढण्यासाठी म्हणत नाही. वस्तूंकडे पाहत वाचले की केवढे दिसू लागते, हे दाखवण्यासाठी म्हणतो.

आमची चूक

आता एक कबुली द्यावी लागेल, कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहावीच्या मुलांना ‘आपल्या परिसरातील व्यवसाय’ असा प्रकल्प दिला. एका मुलाचे आजोबा पिंजारी. मुलाने विचारले, “सर, दादा की धुनकी है घर में. लाऊँ?” धुनकी म्हणजे मराठीतली धनुकली, कापूस पिंजण्याचे धनुष्य. पुरुषभर लांबीची ती वस्तू वर्गात कुठे ठेवायची, असा व्यवहारी विचार आमच्या मनात आला. “बहुत बड़ी है बेटा, रखेंगे कहाँ? चार्ट बनाके लाओ,” असे आम्ही म्हणालो. त्याने स्टेशनरीच्या दुकानातून तयार तक्ता आणला. त्यावर सुतार, लोहार, कुंभार, शिंपी यांची रंगीत चित्रे होती. पिंजारी नव्हता. खाली त्याने चमकीच्या पेनाने आपले नाव लिहिले होते. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले.

पुढे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी त्या गल्लीत गेलो तेव्हा त्याच्या घरी चहाला थांबलो. धनुकलीची आठवण झाली. भिंतीवरच्या खिळ्याला नुसती तात लोंबत होती. लाकूड घरातल्या लग्नाच्या स्वयंपाकात जळाले होते. आजोबांना वाईट वाटले असेल, पण त्यांनी ते दाखवले नाही. म्हणाले, “चूल्हे के तो काम आई, सर.”

बी.एड.ला आम्ही ‘मूलोद्योगी शिक्षण’ ही टीप पाठ केली होती. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हातांच्या उद्योगातून सारे विषय शिकवावेत असा आराखडा त्या समितीने मांडला, हे सगळे आम्हाला तोंडपाठ होते. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले होते. पण एक उद्योग स्वतःच्या पायाने वर्गाच्या दाराशी आला तेव्हा आम्ही त्याला जागा नाही म्हणून परत पाठवले आणि दुकानातल्या चित्राला नऊ गुण दिले.

आज शाळांमधले बहुतेक ‘प्रकल्प’ असेच असतात. थर्माकोलचा ताजमहाल, चमकीच्या कागदाचे धरण, तयार चित्रांच्या पट्ट्या. थर्माकोलला ना रेषा असते ना गाठ. ते हवे तसे कापता येते, म्हणून त्याच्याशी झगडावे लागत नाही आणि म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही. लाकूड उलट्या रेषेने तासले तर ते खरबरीत होते. माती ओली राहिली तर भट्टीत तडकते. कापूस दमट असला तर पिंजला जात नाही. खरे साहित्य माणसाला ‘नाही’ म्हणते. त्या नकारातून कारागीर घडतो, आणि आमचा विश्वास आहे की लेखकही त्यातूनच घडतो.

ज्यांची नावेच वस्तूंची आहेत

आम्ही वर्गात जे केले तेच आपल्या साहित्याने आणि समीक्षेने केले आहे का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावे आठवून पाहा. पिंजारी आणि नदाफ कापसाचे. मोमीन सुताचे. रंगरेज रंगाचे. मणियार बांगड्यांचे. आतार अत्तराचे. तांबोळी पानाचे. बागवान फळांचे. शिकलगार धारेचे. कागदी कागदाचे. एवढा मोठा समाज आपल्या नावातच आपले साहित्य घेऊन फिरतो. सच्चर समितीच्या 2006 सालच्या अहवालानेही मुसलमानांत स्वतःच्या हाताच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे नोंदवले. अहवालात ती टक्केवारी होती. साहित्यात त्या टक्केवारीचे हात, बोटे, घट्टे, वास आणि आवाज यायला हवे होते.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर आपल्या लेखनाला एक व्यासपीठ मिळाले. दंगलीचे भय, संशयाची नजर, तलाकचा प्रश्न, ‘तू मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी बोलतोस’ या कौतुकातला काटा, हे सारे लिहिले गेले. ते लिहिणे भागच होते. ज्या घराला आग लागली आहे त्याने आधी आगीबद्दल बोलावे, भिंतीच्या रंगाबद्दल नव्हे. पण या लेखनात घर जळते तेव्हा त्या घरात नेमके काय होते, हे क्वचित कळते. ‘संसार जळाला’ असे वाक्य येते. संसार म्हणजे काय? शिलाई यंत्र होते का? मागाचे धोटे होते का? लाखेच्या बांगड्यांची पेटी होती का? वस्तूचे नाव न घेता दुःख सांगितले की सगळ्यांची दुःखे सारखी दिसू लागतात, आणि वाचक हळहळून पान उलटतो. आम्हीही त्या मुलाला नाव नसलेला तक्ताच आणायला सांगितला होता, हे इथे आठवते.

दलित आणि भटक्या समाजांतील लेखकांनी ही चूक केली नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला 1981 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात टोपल्या विणणारा कैकाडी समाज आहे आणि त्याची भटकंती त्या विणण्याशी बांधलेली आहे. हिंदीत अब्दुल बिस्मिल्लाह यांनी 1986 साली बनारसच्या मुसलमान विणकरांवर ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ ही कादंबरी लिहिली. मतीन नावाचा विणकर सोसायटी काढून कर्ज मिळवू पाहतो आणि हरतो. माग, रेशीम, मजुरीतली कपात, विणकराच्या घरातला क्षय यांतून ती कादंबरी उभी राहते. तिच्यात मुसलमानपण सिद्ध करावे लागत नाही. ते मागाच्या ठोक्यांतून आपोआप ऐकू येते. मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या मागांवर अशी मराठी कादंबरी आम्हाला वाचायची आहे.

आणि मराठीची परंपरा तर याच बाजूची आहे. गोरोबाकाकांची ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना गोरोबांनी मडकी ठोकण्याची थापटी घेतली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले. गोरोबांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे आहे. आख्यायिका म्हणून ती सांगितली जाते, पण आम्हाला ती समीक्षेची गोष्ट वाटते. कुंभाराने आपल्या धंद्याच्या हत्याराने माणूस पारखला. त्याला दुसऱ्या कुणाची परिभाषा उसनी आणावी लागली नाही. आपल्या समीक्षकांकडे अशी स्वतःची थापटी आहे का? शिकलगाराची धार, मणियाराचे माप, आताराचा वास, यांतून कसोटीचे शब्द आपल्याला मिळू शकले असते. आपण मात्र ‘अस्मिता’ आणि ‘जाणिवा’ या तयार शब्दांवर भागवले.

भाषेला याची जाण पूर्वीपासून आहे. लोखंड तापवून पाण्यात बुडवले की ते कठीण होते. त्याला मराठीत पाणी देणे म्हणतात. त्या पाण्याचा अर्थ पुढे माणसाच्या कसाला लागला आणि ‘पाणीदार’ हा शब्द तयार झाला. उर्दूत ‘आब’ म्हणजे पाणी, तसेच हत्याराची धार आणि मोत्याची झळाळीही. मणियार बाईच्या हातात बांगडी ‘भरतो’. ती फुटली तर मराठी बाई ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणते. मुसलमान मणियाराच्या हातात कितीतरी पिढ्या हिंदू बायकांनी निःसंकोच हात दिला. त्या स्पर्शाचा इतिहास कोणत्या ग्रंथात आहे? सलोख्यावर भाषणे पुष्कळ झाली. बांगडी चढवताना हात कसा दाबायचा, कोणत्या बोटाशी थांबायचे, हे ज्याला माहीत आहे त्याने लिहिले तर सलोख्याची वेगळी व्याख्या द्यावी लागणार नाही.

लेखकाचे स्वतःचे साहित्य

दुसऱ्यांच्या धंद्यांविषयी बोलणाऱ्या लेखकाने आपल्या हातातल्या वस्तूंकडेही पाहावे. औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव असलेल्या जिल्ह्यात, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. हातकागद हीच त्या गावाची ओळख. चिंध्या आणि ताग कुटून लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात कालवायचा, चाळणीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. लिहिण्यासाठी हवा असेल तर खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचे. हे घोटणे शोभेसाठी नव्हते. बोरूची टोके खरबरीत कागदात अडतात आणि शाई पसरते. ज्या वळणदार नस्तालीकवर उर्दू भाळली ते वळण कुणा कागद्याच्या दुखऱ्या खांद्यावर उभे होते.

बोरू तिरपा कापतात. त्या कापाला उर्दूत ‘क़त’ म्हणतात. त्या कापाची रुंदी हेच अक्षराचे माप. त्याच बोरूने टेकवलेल्या नुक्त्यांनी अलिफची उंची मोजायची. म्हणजे अक्षराचे सौंदर्य बोरूच्या एका कापात ठरते. आमच्या वडिलांच्या पिढीने लाकडी तख्तीवर मुलतानी माती फासून असे लिहिणे गिरवले. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात बॉलपेन आहे. त्याची गोळी सगळीकडे सारखीच फिरते, जाड-बारीक असे काही उरत नाही. आम्ही मुलांच्या अक्षराला नावे ठेवतो, तेव्हा त्यांच्या हातात कोणते साहित्य दिले आहे हे विसरतो.

छपाईचेही तसेच. नस्तालीकची अक्षरे एकमेकांवर चढतात, उतरतात. शिशाच्या खिळ्यांना ते झेपेना. म्हणून उर्दूने शिळाछापाचा आश्रय घेतला. लखनऊच्या नवल किशोर छापखान्याने 1858 पासून याच रीतीने ग्रंथांचे डोंगर उभे केले. कातिब तेलकट शाईने लिहीत असे, ते लेखन दगडावर उतरत असे आणि दगडावरून कागदावर. मराठी पुस्तक खिळे जुळवून छापले जात होते त्या काळात उर्दूचे प्रत्येक पान आधी माणसाच्या हाताने लिहिले जात होते. शेराच्या दोन ओळी समान लांबीच्या दिसाव्यात म्हणून कातिब एखादे अक्षर लांबवत असे, एखादे आवळत असे. त्याचा हात रिकामा नसला तर कवीचा संग्रह थांबत असे. मग 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे हे वळण यंत्रात आले आणि 1994 साली दिल्लीहून इनपेज आले. पुस्तके लवकर निघू लागली, स्वस्त झाली, चुका दुरुस्त करणे सोपे झाले. कातिब मात्र बेकार झाले. फायदा-तोटा दोन्ही खरे आहेत. पण उर्दू साहित्याच्या इतिहासाची जी पुस्तके आम्ही अभ्यासली त्यांत शायरांच्या पिढ्या होत्या, कातिबांच्या नव्हत्या. कोणत्या दगडावर, कोणत्या हाताने, हे सांगितल्याशिवाय त्या इतिहासाला आम्ही पूर्ण कसे म्हणावे?

एक आक्षेप

या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो आमच्याच मित्रांनी घेतला आहे. ते म्हणतात, ही जुन्या धंद्यांची हळहळ आहे. पिंजाऱ्याच्या नातवाने पिंजारीच राहावे का? जातीने ज्यांच्या हातात धंदा बांधला त्यांना त्या धंद्याचे गोडवे गायला सांगणे म्हणजे बेडीला दागिना म्हणणे होय.

आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो डोळ्यांआड करत नाही. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो, खोकला जडतो. तो मुलगा पिंजारी व्हावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही. तो इंजिनियर व्हावा, डॉक्टर व्हावा, त्याला वाटल्यास कवी व्हावा. आमचे म्हणणे एवढेच की कवी झाला तर त्याच्या कवितेत तो खोकला यावा आणि ताताचा तुंग-तुंग आवाजही यावा. नुसता आवाज आला तर ती हळहळ होईल, नुसता खोकला आला तर तक्रार होईल. वस्तू या दोन्हींना एकत्र ठेवते, कारण धूळ आणि नाद एकाच धनुकलीतून निघतात. वस्तूविषयी लिहिणे म्हणजे तिची स्तुती करणे नव्हे. तिने हाताला काय दिले आणि हातातून काय घेतले, याचा चोख हिशेब मांडणे होय. अमीनाच्या आठ आण्यांचा हिशेब प्रेमचंदांनी मांडला, तसा.

हा हिशेब लवकर मांडायला हवा, हेही सांगितले पाहिजे. फोमच्या गाद्या आल्या, धनुकली चुलीत गेली. तिच्याबरोबर तिच्या भागांची नावे जातात, कापसाच्या प्रतींची नावे जातात, चांगल्या-वाईट पिंजणीला घरात जे शब्द होते ते जातात. हे शब्द अर्धे दखनी, अर्धे मराठी आहेत. ते कोणत्याही एका कोशात पूर्ण सापडणार नाहीत. मुस्लिम मराठी असे जे आपण अभिमानाने म्हणतो ते नेमके या शब्दांत राहत होते. ते नाहीसे झाल्यावर आपल्या मराठीत आणि इतरांच्या मराठीत फरक तो काय उरणार?

शेवटी

त्या पाचवीतल्या मुलाला आम्ही दोन अर्थ लिहून घ्यायला सांगितले होते. आता आम्ही वर्गात वेगळे सांगतो. साहित्याचा अर्थ एकच आहे, वस्तू वेगवेगळ्या आहेत. सरबताला लिंबू लागते आणि कथेला तवा लागतो.

आता प्रकल्प देताना आम्ही तक्ता मागत नाही. घरातली एक जुनी वस्तू आणा किंवा आणता येत नसेल तर तिच्याविषयी घरच्या मोठ्या माणसाला पाच प्रश्न विचारून या, असे सांगतो. कुणी अडकित्ता आणतो, कुणी आजीचा पानदान, कुणी वडिलांची कात्री. कात्री कुणाच्या हाताची आहे हे तिच्या अंगठ्याच्या भोकातल्या झिजेवरून कळते, असे एका शिंप्याच्या मुलीने वर्गाला समजावून सांगितले. आम्हाला ते ठाऊक नव्हते. त्या मुलीने हे लिहून काढले तर तो या वार्षिकात छापण्यासारखा मजकूर होईल, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

वाचकांपैकी कितीतरी जण नदाफ, मणियार, शिकलगार, मोमीन, आतार असतील. त्यांच्या माळ्यावर, फडताळात, खिळ्याला काहीतरी असेल. त्यांनी ते खाली काढावे, त्याविषयी लिहावे आणि पाठवावे. फार मोठे आहे, ठेवायचे कुठे, असे या वेळी आम्ही म्हणणार नाही.